मोटरीपासून एकशे वीस पावलं

अहो,

धरणाचं पाणी उतरलं. आधी देवळाचा कळस वर आला, मग शिखर, आणि गेल्या आठवड्यात पायऱ्याही उघड्या पडल्या. माझ्या भावाचा, बापूचा फोन आला, "अक्का, दाजींचं वाळवंट मोकळं झालं बघ." म्हणून आज लिहायला बसलेय. नाहीतर तुम्हाला जाऊन आठ महिने झाले, मी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही असताना तर पत्र लिहायची वेळच आली नाही. चोवीस वर्षांत लग्नाच्या ऑर्डरींसाठी कुठंकुठं गेलात, पण दुसऱ्या दिवशी जेवायला घरी हजर! तुम्हाला लिहिणार कधी?

आणि लिहितेय कशात, सांगू? स्टुडिओतल्या तुमच्या डिलिव्हरीच्या वहीत. रागावू नका. मागची पानं कोरीच राहिली होती.

तुम्ही गेल्यावर दोन महिने मी स्टुडिओचं कुलूप काढलं नाही. मग लोक घरी यायला लागले. सणसरचे एक पाहुणे म्हणाले, वहिनी, आमच्या पोरीला मुलगा झाला तरी तिच्या लग्नाचा अल्बम आमच्या हातात नाही. मग काय करता? पूर्वाची कॉलेजची सुट्टी बघून मायलेकी कपाटापुढं बसलो. प्रत्येक अल्बमला तुम्ही चिठ्ठी बांधलेली. वर नाव, खाली काम, शेवटी शेरा: डिलिव्हरी बाकी. तीच नोंद वहीत. एकेकाला फोन करून बोलावलं, अल्बम दिला आणि तुमच्या पद्धतीनं वहीत 'मिळाले' लिहून सही घेतली. निरवांगीचे एक आजोबा सही करायच्या आधी बराच वेळ अल्बमच बघत बसले. नातवाच्या लग्नातल्या फोटोंत त्यांची बायको होती, ती आता नाही. तुमच्या आळसाचा कुणाला तरी उपयोग झाला म्हणायचा.

सगळ्या नोंदी मिटल्या, एक राहिली. वहीतली अगदी पहिली ओळ. नाव: सुनंदा. कामाचा रकाना कोरा. शेरा: डिलिव्हरी बाकी. मला वाटलं, हा आपल्या लग्नाचा अल्बम असणार. अख्ख्या तालुक्याची लग्नं काढणाऱ्या माणसाच्या घरात स्वतःच्या लग्नाचा अल्बम नाही, हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल! लाज वाटून नोंद तरी केलीत, असं म्हणून मी पान उलटलं.

आता पेटीचं सांगते. पण क्रमानं सांगणार. शेवट आधी सांगितलेला तुम्हाला खपत नाही.

सुरुवात बारामतीच्या त्या थिएटरपासूनच करायला हवी. लग्नाला पंधरा दिवस झाले होते. तुम्ही मला तीनच्या खेळाला नेलंत. मला वाटलं, गाण्यांचा पिक्चर असेल. निघालं काय, तर वाळवंट! गोरा नायक, गोरी नायिका आणि दोघांच्या तोंडी हिंदी. एकाच नकाशाचे दोन तुकडे, एक त्याच्याकडे, एक तिच्याकडे. अर्धा पिक्चर दोघं भांडत होते. मग वादळ आलं, मग एकाच पखालीतलं पाणी दोघं प्यायले, आणि पाणी पोटात गेल्याबरोबर प्रेम. मला हसू आवरेना. तुम्ही मात्र खुर्चीच्या टोकावर बसून बघत होतात. मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणालात, "वाळवंटात प्रेम लवकर जमतं. पाणी एकाकडंच असतंय ना." मी धरणाकाठची पोर. आमच्याकडे पलीकडच्या गावाला जायला होडी लागते. मला त्यातलं काय कळणार?

पाय आखडले म्हणून मी चपला काढून खुर्चीत मांडी घातली होती. लग्नातली नवी जोडी होती, लाल पट्ट्यांची. शेवट जवळ आल्यावर पाय खाली सोडले, तर उजवी चप्पल सापडली आणि डावी गायब. उतरती जमीन, पुढं कुठंतरी घसरली असणार. मी तुम्हाला दंडाला धरून हलवलं. तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?

"थांब जरा. पेटी उघडायला लागलेत."

पेटी उघडली. आत सोनं होतं. नायकानं ते तसंच टाकलं आणि नायिकेचा हात धरून निघाला. दिवे लागले, लोक उठले, आणि त्या पायांच्या गर्दीत माझी चप्पल कुठं गेली कोण जाणे. तुम्हाला एसटीची घाई. बारामतीच्या स्टँडापर्यंत नवी नवरी एका पायात चप्पल घालून लंगडत गेली. समोरचा नायक बायकोसाठी खजिना सोडतो, आणि माझ्या नवऱ्याला चपलेसाठी खुर्ची सोडवत नाही!

दुसऱ्या दिवशी तुम्ही रोल आणायला म्हणून पुन्हा बारामतीला गेलात. मी धुणं घेऊन कालव्यावर गेले आणि रागाच्या भरात उरलेली चप्पल पाण्यात फेकून दिली. दुपारी तुम्ही आलात, सहज विचारल्यासारखं विचारलंत, ती दुसरी चप्पल कुठं आहे. मी म्हटलं, कालव्यात. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात आणि मग जे हसायला लागलात, ते भिंतीला टेकून. मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. त्या दिवशी मी तुम्हाला वाढलंसुद्धा नाही.

तेव्हापासून आपल्या घरातल्या प्रत्येक भांडणाचं शेवटचं वाक्य ठरून गेलं. गॅस संपलेला असो नाहीतर पूर्वाची फी राहिलेली असो, मी शेवटी तिथंच यायचे: तुम्हाला माझ्या चपलेपेक्षा त्या पेटीचं जास्त. तुम्ही कधी उत्तर दिलं नाही. नुसतं हसायचात. त्या हसण्याचा मला फार राग यायचा.

पिक्चर काही सुटले नाहीत. आधी सीडी, मग पेनड्राइव्ह, मग मोबाइल. वाळवंट, नकाशा, उंट, भांडणारी जोडी आणि पेटी, एवढं असल्याशिवाय तुमचं पोट भरायचं नाही. मी शेजारी बसून तांदूळ निवडायचे आणि वादळ येईपर्यंत डुलक्या घ्यायला लागायचे. त्यानंतरच्या एकाही पिक्चरचा शेवट मी पाहिलेला नाही. तुम्ही उठवलंत तर म्हणायचे, सोनं टाकून गेले ना, मग झालं.

मग प्री-वेडिंगचं फॅड आलं आणि तुमची चांदी झाली. जोडप्यांना काहीतरी वेगळं पाहिजे, आणि आपल्याकडं बघावं तिकडं ऊस. तेव्हा तुम्हाला माझं माहेर आठवलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरकलं की कोसभर तडकलेला गाळ उघडा पडतो. त्यातच आमचं बुडालेलं जुनं गावठाण, घरांचे चौथरे, देऊळ. आम्हाला ते बघून गलबलतं, आणि तुम्ही पहिल्यांदा बघितलंत तेव्हा म्हणालात, "लोकेशन एक नंबर हाय." जत्रेत लेकरांना फिरवणारा उंटवाला गाठलात. उंट शहाणा, तो भेगांच्या जमिनीवर पाय टाकेना, काठावरच उभा राहिला. तरी तुमच्या कॅमेऱ्यात तो वाळवंटातच दिसायचा. कारखान्याला ऊस घालणारी पोरं डोक्याला फडकी गुंडाळून त्या उंटाकडे बघत प्रेम करायची.

आणि गेल्या वर्षी तुमच्या डोक्यात आलं, दुसऱ्यांची पुरे झाली, आता स्वतःचा पिक्चर काढायचा. नायक कोण? तुम्ही. वय पन्नास, पोट सुटलेलं. नायिका मिळेना. जिला विचारावं तिचं लग्न ठरायचं आणि सासरचे नको म्हणायचे. शेवटी माझ्यापुढं येऊन उभे राहिलात. मी म्हटलं, लोक तोंडात शेण घालतील. तुम्ही म्हणालात, "लोकांना दाखवतंय कोण? आपल्या तिघांपुरता काढू." मग मी तयार झाले, पण दोन अटी घातल्या. उंटावर बसणार नाही आणि कुरडयांच्या दिवसांत येणार नाही.

ती दुसरी अट मी का घातली असेल?

पूर्वा कॅमेऱ्यावर, तुम्ही माझ्या जुन्या साडीचा पटका बांधून समोर, मी हिरव्या साडीत. तुम्ही लिहिलेला संवाद होता, "हे वाटसरू, तुझ्या डोळ्यांत मला हिरवळ दिसते." नऊ वेळा घेतलात आणि नऊ वेळा मला हसू फुटलं. शेवटी वैतागून म्हणालात, "बोलू नको. नुसतं बघ." मी बघितलं. पूर्वा म्हणते, अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढंच एक खरं वाटतं.

शेवटचा सीन पेटीचा. पेटीत काय ठेवणार ते तुम्ही सांगेनात. म्हणालात, तुला अॅक्टिंग जमत नाही, तुझं तोंड खरंच चकित झालेलं पाहिजे. शुक्रवारी एकटेच गेलात, पेटी पुरून आलात, नकाशा काढलात आणि मधोमध फाडलात. अर्धा मला, अर्धा तुम्हाला. सगळं पिक्चरमधल्यासारखं.

शनिवारी सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात आलात. ऊन चांगलं पडलंय, तासाभराचं काम आहे, चल म्हणालात. माझा शेवटचा चीक चुलीवर होता. तीन दिवस गहू भिजवलेले, वाटलेले, चीक गाळून निवळलेला. मी मागं न बघता म्हटलं, "तुमचा खजिना पुरलेला हाय, तो कुठं जातोय? माझा चीक आंबून जाईल."

तुम्ही म्हणालात, "बरं. उद्या जाऊ." वाटीभर गरम चीक दूध घालून खाल्लात आणि स्टुडिओत गेलात.

रविवारी पहाटे तुमच्या छातीत दुखायला लागलं. बारामतीचा दवाखाना झाला, घरी आलात, पण डॉक्टरांनी उन्हात जायला बंदी केली. मग वरच्या अंगाला पाऊस लागला आणि धरण भरायला लागलं. मी घाबरून म्हटलं, अहो, पेटी जाईल. तुम्ही म्हणालात, "पाण्याखालच्या खजिन्याला चोर न्हाय. पुढच्या उन्हाळ्यात काढू." मी खोदून खोदून विचारलं, निदान आत काय आहे ते तरी सांगा. तर म्हणे, शेवट सांगितला तर पिक्चर कोण बघेल?

भाद्रपदात तुम्ही गेलात.

खरं सांगू? आठ महिने मला सकाळी जाग आली की पहिल्यांदा आठवतात त्या कुरडया. एक तास मागितला होतात तुम्ही. त्या दिवशीच्या कुरडयांचा डबा अजून माळ्यावर आहे. मी त्यातली एकही तळलेली नाही. मला फेकवतही नाहीत आणि खाववतही नाहीत. तुम्ही माझ्या एका चपलेसाठी उठला नाहीत म्हणून मी चोवीस वर्षं बोलले, आणि मी तुमच्या पेटीसाठी चुलीपुढून उठले नाही. तुम्ही तर मला एकदाही बोलला नाहीत.

म्हणून बापूचा फोन आल्यावर मी ठरवलं, पेटी काढायचीच. तुम्हाला मला काय दाखवायचं होतं, ते मला बघायचं होतं. पूर्वा कॅमेरा घेऊन आली. मी तीच हिरवी साडी नेसले. एकाच सीनमध्ये साडी बदललेली चालत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. बापूनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि कुदळ खांद्यावर घेतली.

तुमचा अर्धा नकाशा कॅमेऱ्याच्या बॅगेत बॅटरीखाली सापडला. दोन्ही तुकडे जोडले. वर उंट काढलेला, खाली कवटी, आणि मधे तुमच्या सुबक अक्षरात: मोटरीपासून, कळसाकडे तोंड करून, एकशे वीस पावलं.

मोटरीपासून, म्हणजे बापूच्या पाणी उपसायच्या मोटरीपासून! मी वाचलं आणि कागद बापूच्या हातात दिला. बापूनं दोनदा वाचलं.

"दाजींनी मोटरीवरनं खूण धरली?" तो म्हणाला. "अगं अक्का, मोटर काय देऊळ हाय का एका जागी बसायला?"

अहो, तुम्ही निमगावचे. तुम्हाला विहीर ठाऊक, विहिरीवर मोटर बसवली की बसवली. इथं धरणाच्या पोटात पाणी जसं मागं जाईल तशी मोटर पुढं न्यावी लागते, दर आठवड्याला नवे पाइप जोडत. सगळा उन्हाळा बापूचं तेच चालतं. देऊळ जागचं हलत नाही, चौथरे हलत नाहीत, काठावरची स्टार्टरची खोली हलत नाही. एवढ्या सगळ्यात तुम्ही खूण धरलीत ती नेमकी चालत्या वस्तूची! मला एका शब्दानं विचारलं असतंत तर? पण मला विचारलं तर मला जागा कळणार, म्हणून नाही विचारलंत. कळलं मला ते.

बापूला आठवेना. गेल्या साली सात-आठ वेळा तरी हलवली असेल म्हणाला. अंदाजानं दोन ठिकाणी खोदलं. एका ठिकाणी कुणाच्या तरी जात्याची तळी लागली, दुसऱ्या ठिकाणी नुसता गाळ. ऊन डोक्यावर आलं. मी चौथऱ्यावर बसून राहिले. पाणी पुन्हा चढलं की संपलं, असं मनात आलं. दरवर्षी इतकं उतरतंच असं नाही.

तोडगा पूर्वानं काढला. तुम्ही पेटी पुरलीत शुक्रवारी. गुरुवारी, गहू अजून भिजतच होते तेव्हा, आपण एक सीन घेतला होता, मी तहानलेली नायिका, पाइपाच्या कडेनं पाण्यापर्यंत चालत जाते तो. तो तिनं लॅपटॉपवर लावला आणि पाइपाचे जोड मोजायला लागली. काठापासून मोटरीपर्यंत बेचाळीस पाइप. बापू म्हणाला, गुरुवारी सकाळीच मोटर पुढं नेली होती, नंतर चार दिवस हलवली नाही, आणि औंदाही लाइन त्याच चरातनं नेलीय. फक्त पाणी अजून मागं आहे, म्हणून पाइप जास्त लागलेत. मग आम्ही तिघं स्टार्टरच्या खोलीपासून पाइप मोजत निघालो आणि बेचाळिसाव्या जोडावर थांबलो.

पावलं पूर्वानं टाकली. तिची चाल तुमच्यासारखी आहे, ढांगा टाकत. मी टाकली असती तर दीडशे भरली असती.

बापूची कुदळ चौथ्या घावाला पत्र्यावर वाजली. माझ्या सासूबाईंची जुनी पेटी. ती कधी माळ्यावरून गायब झाली मला कळलंच नाही. पूर्वानं कॅमेरा लावला आणि म्हणाली, "आई, आता तू उघड." कडी गंजून हातात आली. आत प्लॅस्टिक, त्यावर चिकटपट्टी, त्याच्या आत फोटोपेपरची काळी पिशवी, पुन्हा चिकटपट्टी. वर्षभर पाण्यात राहूनही आत ओल नव्हती. अल्बम कधी वेळेवर दिला नाहीत, पण पॅकिंग नेहमी पक्कं.

पिशवीत माझी डावी चप्पल होती.

लाल पट्टे, आता विटकरी झालेले. अंगठ्याला तुमची चिठ्ठी बांधलेली. नाव: सुनंदा. काम: डावी चप्पल. शेरा: डिलिव्हरी बाकी.

म्हणजे तुम्ही गेला होतात. रोल आणायला म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या थिएटरात गेलात, खुर्च्यांखाली शोधलीत, सापडली, घेऊन आलात, आणि मला विचारलंत की दुसरी कुठं आहे. आणि मी म्हटलं, कालव्यात. म्हणून हसलात. एका चपलेचं तुम्ही तरी काय करणार होतात!

माझं तोंड चकित वगैरे काही झालं नाही. पूर्वानं मला नंतर दाखवलं. भांडणाला निघाल्यासारखी मी त्या चपलेकडे बघून म्हणतेय, "सापडली व्हती व्हय?" आणि मग तिथंच गाळात बसून रडतेय. पूर्वानं कॅमेरा बंद केला नाही. बापू मोटर बघून येतो म्हणून निघून गेला.

काल घरी येऊन मी स्टुडिओतल्या जुन्या वह्या काढल्या. तुमची पद्धत मला माहीत आहे, नवीन वही घातली की जुनी बाकी पुढं उतरवायची. लग्नाच्या वर्षापासूनच्या सगळ्या वह्या उघडून बघितल्या. प्रत्येक वहीची पहिली ओळ माझी. दरवर्षी नव्यानं, हातानं लिहिलेली. आणि मी दरवर्षी तुम्हाला तेच ऐकवत होते. एकदा तरी सांगायचंत! पण नाही, तुम्हाला पेटी पाहिजे होती, वाळवंट पाहिजे होतं, माझं तोंड पाहिजे होतं. चोवीस वर्षं तुम्ही एका सीनसाठी बोलणी खाल्लीत.

पूर्वा येत्या सुट्टीत पिक्चर जोडणार आहे. आपल्या तिघांपुरताच. बापू येतो म्हणाला तर त्याला काढून लावणार नाही, बेचाळीस पाइप त्याचे आहेत. पडदा स्टुडिओतला, तुमचा पांढरा. माळ्यावरचा डबा मी खाली काढलाय, त्या कुरडया तळणार आहे. आणि शब्द देते, ह्या वेळी डुलकी घेणार नाही. वादळ येऊ दे नाहीतर उंट येऊ दे, पेटी उघडेपर्यंत जागी राहीन.

आता तुमच्या वहीतली पहिली ओळ तेवढी मिटवते.

डाव्या पायाची चप्पल मिळाली.

सही,
सुनंदा